मास्टर किल्ली आणि डिस्पॅचचा पीसी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालेतली आधीची दोन व्याख्यानं मधुमेह आणि मृत्युपत्र या विषयांवर झाली. दोन्ही वेळेला खुर्च्या कमी पडल्या. आज तशी अडचण दिसत नाही. माझा विषय ऐकून सांस्कृतिक समितीच्या ताईंनी मला विचारलंच होतं, "दादा, हे आपल्या लोकांना कशाला?" विषय असा आहे: कंपनीच्या नेटवर्कमध्ये सगळ्यात जास्त अधिकार असलेलं जे खातं असतं, ते कोणाच्या तरी टेबलावरच्या साध्या पीसीवर उघडलं गेलं तर त्यात धोका काय, आणि तसं होतंय हे ओळखायचं कसं.

ताईंचा प्रश्न बरोबर होता. पण आपल्यातली निम्मी घरं शिरवळ, केसुर्डी, खंडाळा या पट्ट्यातल्या कारखान्यांवर चालतात. कोणी स्टोअर्सला, कोणी क्वालिटीला, कोणी अकाउंट्सला. म्हणजे तो साधा पीसी तुमच्याच टेबलावर आहे. आणि मोठ्या अधिकारांचं खातं असतं ते माझ्यासारख्याकडे, प्रिंटर चालेना झाला की तुम्ही ज्याला फोन करता त्याच्याकडे. गडबड होते ती आपण दोघं एका पीसीपाशी भेटतो तेव्हा.

आधी आपल्या सोसायटीचंच उदाहरण घेऊ. ऑफिसात बोर्डावर किल्ल्या टांगलेल्या असतात. गच्चीची, पंपरूमची, मीटररूमची, लिफ्टच्या मशीनरूमची. समजा या सगळ्या कुलपांना आणि शिवाय प्रत्येक फ्लॅटच्या दाराला लागेल अशी एकच मास्टर किल्ली आहे, आणि ती प्लंबरच्या खिशात आहे. कोणाचा नळ गळतो म्हणून तो जातो, त्याच किल्लीनं दार उघडतो, किल्ली ओट्यावर ठेवतो आणि सिंकखाली डोकं घालतो. घरातली माणसं सज्जन आहेत. पण माळ्यावर आधीपासून एक चोर लपून बसलेला असेल तर? तो किल्ली पळवत नाही. साबणाच्या वडीवर तिचा ठसा घेतो आणि होती तिथे ठेवून देतो. प्लंबर नळ दुरुस्त करतो, चहा पितो, किल्ली खिशात घालून निघून जातो. किल्ली खिशातच आहे म्हटल्यावर हरवल्याची तक्रार कोण करणार?

कंपन्यांतल्या विंडोज नेटवर्कमध्ये या मास्टर किल्लीचं नाव 'डोमेन ॲडमिन'. हे खातं ज्याच्याकडे, त्याला प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक पीसी, प्रत्येक फोल्डर उघडा. आता कोणीही पीसीवर पासवर्ड टाकून आत गेला की तो पीसी त्याची ओळख मेमरीत धरून ठेवतो. यात वाईट हेतू काही नाही. सर्व्हरवरची फाइल उघडताना, प्रिंट देताना दर वेळी पासवर्ड विचारला तर तुम्ही वैतागाल, म्हणून केलेली ती सोय. जुन्या विंडोजमध्ये तर मेमरीतून पासवर्ड जसाच्या तसा काढता यायचा. पुढे ते बंद केलं, पण पासवर्डचा 'हॅश', म्हणजे आपला साबणावरचा ठसा, राहतोच. आणि पुष्कळ दारं अशी आहेत की मूळ पासवर्ड माहीत नसला तरी नुसत्या ठशावर उघडतात. २०११ मध्ये बेंजामिन डेल्पी नावाच्या एका फ्रेंच प्रोग्रामरनं 'मिमिकॅट्झ' नावाचं छोटंसं साधन लिहून हे जगाला दाखवून दिलं. त्यावर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं की पीसी आधीच चोराच्या हातात गेला असेल तरच हे जमतं, मग यात नवीन काय? म्हणजे माळ्यावर चोर असेल तरच भीती. बरोबर आहे. पण शे-दीडशे पीसींच्या कंपनीत एखाद्या तरी माळ्यावर चोर असणार, असं धरून चाललेलं बरं.

हे कागदावरचं भय नाही. आपल्या हायवेवरून रोज जे कंटेनर जातात, त्यातले कितीतरी न्हावा-शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरात जातात. मंगळवार, २७ जून २०१७. त्या बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं कामकाज थांबलं. ते टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश समूहातली, आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातले संगणक एकापाठोपाठ एक काळे पडले होते. कंटेनर यार्डात उभे आहेत, क्रेन आहेत, माणसं आहेत, पण कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी यंत्रणाच नाही. हातानं काम सुरू झालं, बाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या. ज्यांनी कधी गेटपासवर सही घेण्यासाठी ताटकळत उभं राहून पाहिलंय, त्यांना त्या रांगेतल्या ड्रायव्हरांची अवस्था समजेल.

हा जो प्रकार होता त्याला 'नॉटपेट्या' म्हणतात. तो सुटला युक्रेनमध्ये, 'एम.ई.डॉक' नावाच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडे टॅली असतं ना, तसं तिकडे ते. मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसात ते एका पीसीवर टाकलं होतं, तिथून तो आत शिरला, असं पुढे छापून आलं. एक पीसी. तोही हिशेबाचा.

आता ऐका, कारण माझी चूक इथूनच सुरू होते. याच्या दीड महिना आधी, १२ मे २०१७ ला, 'वॉनाक्राय'नं जगभर गोंधळ घातला होता. विंडोजमधल्या एका भोकातून तो शिरायचा, आणि ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. वॉनाक्रायनंतर सगळे धावत सुटले, पॅच मारून मोकळे झाले. मीसुद्धा. दोन रात्री जागून आमचे सगळे संगणक पॅच केले आणि साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, आता काळजी नाही. नॉटपेट्या हेच भोक वापरत होता, पण त्याच्याकडे दुसरी युक्तीही होती. शिरलेल्या पीसीच्या मेमरीत तो कोणाचे ठसे पडलेत ते शोधायचा. एखाद्या ॲडमिनचा सापडला की त्याच्या नावानं, विंडोजच्याच रोजच्या साधनांनी, शेजारच्या पीसीवर जायचा. तिथे पॅच मारलेला असला तरी फरक पडत नव्हता, कारण तो भोकातून येतच नव्हता. किल्ली घेऊन दारातून येत होता.

बातमी मी वाचली होती. त्यातलं हे वाक्य मात्र वाचलं नव्हतं. पॅच मारलेत ना, मग झालं, असं म्हणून पान उलटलं.

मर्स्कला नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे करावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनी दावोसच्या परिषदेत स्वतः सांगितलं. नुकसान कंपनीनं २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात धरलं. यातली एक गोष्ट मला फार आवडते. कोण कर्मचारी, कोणाला काय अधिकार, याचा सगळा कारभार ज्या सर्व्हरांवर असतो त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्कचे ते जगभरातले सगळे पुसले गेले, एक सोडून. तो होता आफ्रिकेतल्या घानामध्ये, आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून तो नेटवर्कवरच नव्हता. त्या एका प्रतीवरून सगळं परत उभं राहिलं. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्याचाही कुठे कुठे असा उपयोग होतो.

आता माझं. मी ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही, गरजही नाही. साधारण १४० संगणक. आयटीला मी आणि एक पोरगा. डोमेन ॲडमिनचं खातं माझ्या रोजच्या वापराचं होतं. त्यावरच मेल बघायचो, त्यावरच सर्व्हर, त्यावरच सगळ्यांचे प्रिंटर. डिस्पॅचला लेबल प्रिंटर अडला की माझ्या खुर्चीतूनच रिमोट डेस्कटॉपनं त्या पीसीवर जायचं, दोन मिनिटांत ड्रायव्हर बदलायचा, आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करायची. फुलीवर क्लिक केलं म्हणजे आपण बाहेर पडलो असं वाटतं. तसं होत नाही. खिडकी बंद होते, लॉगिन आत तसंच राहतं. किल्ली ओट्यावर.

डिसेंबर २०१९. साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी साडेसहाला गेटवरून फोन आला, गेटपास निघत नाही. पोचलो तर पाच गाड्या उभ्या. ईआरपीच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट, आणि स्क्रीनवर पैशाची मागणी. अडुसष्ट पीसी गेले, तीनही मोठे सर्व्हर गेले, नेटवर्कवरचा बॅकअपही गेला. वाचली ती एक हार्डडिस्क, जी जागा नाही म्हणून कोणीतरी वायर काढून अकाउंट्सच्या कपाटात ठेवली होती. त्यात नऊ दिवसांपूर्वीपर्यंतचं होतं. उरलेल्या नऊ दिवसांचं चलन नि गेटपासचे कागद समोर ठेवून आठ जणांनी हातानं परत भरलं. आपल्या सोसायटीतल्या एक काकू त्यात होत्या, आत्ता समोर बसल्यात, त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

पैसे दिले नाहीत. पण चौकशी सुरू झाली आणि ती पहिल्याच दिवशी संपली, कारण गुन्हेगार सापडला. डिस्पॅचला एक मुलगा होता, कंत्राटी, नीरेपलीकडच्या गावातून यायचा. त्याला 'ट्रान्सपोर्ट बिल' म्हणून मेल आलेला, त्यानं अटॅचमेंट उघडलेली. ते त्यानं कबूलही केलं. मी अहवालात लिहिलं: "वापरकर्त्याने संशयास्पद ई-मेलमधील अटॅचमेंट उघडल्यामुळे विषाणूचा शिरकाव झाला." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

दोन दिवसांनी सर्व्हर परत लावताना मी लॉग चाळत होतो. लॉग म्हणजे आपल्या वॉचमनकाकांचं रजिस्टर. कोण आलं, किती वाजता, कुठल्या फाटकानं. मुख्य सर्व्हरवरचं रजिस्टर चोरांनी पुसलं होतं. गंमत अशी की रजिस्टर पुसलं याचीही एक नोंद विंडोज ठेवतं, ११०२ नंबरची, आणि पुसताना ती उरतेच. ती तेवढी होती. पण दुसऱ्या एका जुन्या सर्व्हरकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं. तिथे रात्री २ वाजून १३ मिनिटांची नोंद सापडली. लॉगिन यशस्वी. कुठून, तर डिस्पॅचच्या पीसीवरून. खातं कोणाचं, तर माझं.

रात्री २.१३ ला मी इथे, बी विंगमध्ये, रजई पांघरून झोपलो होतो.

मग डिस्पॅचच्या पीसीचं रजिस्टर काढलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी ४.४० ला मी तिथे रिमोट डेस्कटॉपनं गेलो होतो. लेबल प्रिंटर. बाहेर पडल्याची नोंद नाही. त्या मुलानं उघडलेल्या मेलमुळे चोर एका पीसीच्या माळ्यावर येऊन बसला होता, एवढंच. त्या मुलाच्या खात्याला डिस्पॅचचं एक फोल्डर सोडून काही उघडत नव्हतं. माझा ठसा तिथे पडलेला नसता तर त्या दिवशी एक पीसी गेला असता आणि मी तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत फॉरमॅट करून दिला असता.

दुसरा कागद मी लिहिला, पण लगेच नाही. एक रात्र गेली त्यात. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "लिहायचं का नाही हा प्रश्न आहे, का कसं लिहायचं हा?" सकाळी जाऊन दिला. साहेबांनी वाचला आणि फाइलला लावला. मला कोणी एक शब्द बोललं नाही, त्या वर्षी पगारवाढही नेहमीसारखी झाली. त्या मुलाकडून मात्र पहिल्याच दिवशी लेखी घेतलं होतं आणि महिनाअखेरीस कंत्राटदारानं त्याला कमी केलं होतं. दुसऱ्या कागदानं ते बदललं नाही. पुढे मी त्याला गाठलं, सारोळ्याच्या बाजूला एका गोदामात लागला होता. चहा घेतला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण सर, मेल तर मी उघडलाच होता ना." मी म्हटलं, हो. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.

त्यानंतर मी जे शिकलो ते सांगतो. हे थोडं तांत्रिक आहे, पण ज्यांच्या कंपनीत आयटीला दोन-तीन माणसंच आहेत त्यांनी लक्ष द्या.

पहिला प्रश्न, मास्टर किल्ल्या किती आहेत? मी म्हणालो असतो, तीन. यादी काढली तर अकरा निघाल्या. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मॅनेजरची, ईआरपी बसवून गेलेल्या वेंडरची, 'टेस्ट' नावाची एक, जिचा बाप कोण ते आजवर कळलेलं नाही. पाच तिथल्या तिथे बंद केल्या. दुसरा प्रश्न, या किल्ल्या कुठे कुठे वापरायला परवानगी आहे? याचं उत्तर छोटं असावं लागतं. डोमेन कंट्रोलर, मोजके सर्व्हर, आणि ॲडमिनचा एक वेगळा पीसी, ज्यावर मेल नाही, इंटरनेट नाही. बस्स. या दोन याद्या हातात आल्या की धोक्याचं लॉगिन ओळखणं सोपं होतं: पहिल्या यादीतली किल्ली दुसऱ्या यादीबाहेरच्या दाराला लागली की घंटा वाजली पाहिजे. पासवर्ड बरोबर होता का, माणूस ओळखीचा होता का, याला महत्त्व नाही. माझा पासवर्ड बरोबरच होता.

विंडोजमध्ये प्रत्येक यशस्वी लॉगिनची नोंद ४६२४ नंबरनं होते, आणि लॉगिन करणाऱ्याकडे खास अधिकार असतील तर सोबत ४६७२. मी उत्साहानं ४६७२ शोधायला घेतलं आणि पहिल्या दिवशी हजारो ओळी समोर आल्या, कारण संगणकाचं स्वतःचं 'सिस्टिम' खातंही दिवसभर तीच नोंद करत असतं. ती आधी गाळायची. मग ४६२४ मधला 'प्रकार' बघायचा. प्रकार २ म्हणजे माणूस प्रत्यक्ष कीबोर्डपाशी बसला. प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. प्रकार ३ म्हणजे नेटवर्कवरून येऊन काम करून गेला. प्रकार ३ मध्ये समोरच्या पीसीवर सहसा ठसा राहत नाही, २ आणि १० मध्ये राहतो. म्हणून साध्या पीसीवर डोमेन ॲडमिनचा २ किंवा १० दिसला की समजावं, किल्ली ओट्यावर ठेवली गेली.

दोन गोष्टींनी मला दमवलं. एक म्हणजे साध्या पीसीवरचं हे रजिस्टर फार लहान असतं, मुळात २० एमबी. भरलं की जुनी पानं फाडून त्यावरच नवीन लिहिलं जातं. वर्दळीच्या पीसीवर आठवडाभराचंही शिल्लक नसतं. म्हणून सगळ्या पीसींच्या या ठरावीक नोंदी एका सर्व्हरवर रोजच्या रोज गोळा कराव्या लागतात. विंडोजमध्ये त्याची सोय आहे, वेगळे पैसे पडत नाहीत, कोणी लावत नाही एवढंच. आता 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवणं आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक झालंय, त्यामुळे साहेब लोकांना पटवणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. मी माणसांची लॉगिन शोधत होतो, आणि सापडलं ते बॅकअपचं सॉफ्टवेअर. ते बसवताना वेंडरनं डोमेन ॲडमिनचं खातं मागितलं, मी दिलं, आणि ते खातं साठेक पीसींवर 'सर्व्हिस' म्हणून रात्रंदिवस लॉगिन होऊन बसलं होतं. नोंदीत याचा प्रकार ५. मी विसरून राहिलेलं एक लॉगिन शोधत होतो, आणि इथे साठ माळ्यांवर साठ किल्ल्या खिळा मारून टांगलेल्या. ते सुधारायला आम्हाला पाच महिने लागले, कारण वेंडर म्हणायचा, याच्याशिवाय चालणारच नाही. चाललं.

आणि एकदा रात्री साडेअकराला घंटा वाजली. वजनकाट्याच्या पीसीवर डोमेन ॲडमिन, प्रकार २. पँट चढवून गाडी काढली, गेटवर पोचलो, तर आमचाच पोरगा काट्यापाशी बसलेला. काटा अडकला होता, बाहेर ड्रायव्हर आरडाओरडा करत होते, त्यानं हाताला आली ती किल्ली लावली. त्याला काय बोलणार? नियम मी केला होता, पण रात्री साडेअकराला वापरायची दुसरी किल्ली त्याला दिली नव्हती. मग ती दिली. साध्या पीसींसाठी वेगळं खातं, ज्याला सर्व्हरवर प्रवेशच नाही. प्रत्येक पीसीच्या स्वतःच्या ॲडमिनला वेगवेगळा, आपोआप बदलणारा पासवर्ड; त्याला 'लॅप्स' म्हणतात, मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. आणि डोमेन ॲडमिनला साध्या पीसीवर लॉगिन करायलाच सर्व्हरवरून बंदी. आधी नुसतं बघत होतो, आता दारच लागत नाही. तरी बघणं सोडलेलं नाही. बंदी असूनही कोणी प्रयत्न केला तर ती ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, म्हणून दिसते, आणि मला त्या नोंदीत जास्त रस असतो.

जे आयटीत नाहीत त्यांच्याकडून एवढंच हवं. आमच्यातला कोणी तुमच्या पीसीवर काम करून गेला की त्यानं साइन-आउट केलं का ते बघा. सकाळी पीसी चालू केल्यावर तुमच्या नावाच्या जागी 'ॲडमिनिस्ट्रेटर' किंवा आमचं नाव दिसलं, तर तेच तसं पुढे ढकलू नका, फोन करा. आम्ही "ठीक आहे हो" म्हणून टाळू. तरी करा. आणि चुकून एखादी अटॅचमेंट उघडली गेली तर लपवू नका, त्या क्षणी वायर काढा आणि सांगा.

भाषणानंतर प्रश्न झाले, त्यातले तीन इथे देतो.

ए विंगमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारलं, "कॉसमॉसचं प्रकरण हेच का?" जवळचं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी, भारतात अडीच कोटी, त्यात कोल्हापूरची एटीएमही होती, आणि १३ तारखेला स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत एक खोटा स्विच उभा केला होता. एटीएमनं विचारलं, पैसे देऊ का, तर खरा सर्व्हर बाजूलाच राहायचा आणि खोटा स्विच म्हणायचा, दे. ठेवीदारांच्या खात्यांतून काही कमी झालं नाही, फटका बँकेला बसला. एटीएमवर जाऊन पैसे काढणाऱ्यांपैकी अकरा जणांना एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. काका, असा स्विच उभा करायला काउंटरवरच्या कारकुनाचं लॉगिन पुरत नाही. त्याला मोठी किल्ली लागते.

सी विंगमधली कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणारी मुलगी म्हणाली, "काका, याला तयार सॉफ्टवेअर मिळतात की, आपोआप पकडतात." मिळतात, चांगली असतात. पण तुझी किल्ली कोणती आणि तिचं दार कोणतं हे तूच त्याला सांगावं लागतं. आम्ही पहिल्या महिन्यात न सांगता लावलं, दिवसाला तीनशे इशारे आले, आठव्या दिवशी मी आवाज बंद करून ठेवला. घरफोडी झाली असती तरी कळलं नसतं.

शेवटी सेक्रेटरीकाका जरा दबकत म्हणाले, सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकच लॉगिन आहे, त्यावरच मेंटेनन्सची बिलं, त्यावरच बँकेचं काम, आणि मुलं कधी कधी तिथूनच प्रोजेक्टच्या प्रिंट काढतात. शिवाय पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला आहे.

काका, तो कागद उद्या सकाळी काढा. येत्या रविवारी दहा वाजता मी ऑफिसात येतो. रोजच्या कामाला साधं खातं, बदल करायला वेगळं, मुलांसाठी तिसरं, आणि बँकेचं काम फक्त एकातून, अशी मांडणी करून देतो. कोणाला घरचा लॅपटॉप दाखवायचा असेल तर त्यांनीही घेऊन यावा, चार्जरसकट.